‘हो’ म्हणायचं असूनही ‘नाही’ म्हणणारं मूल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ लागेल. मुलगी आठ वर्षांची, पाचव्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. भरपूर बोलते, हुशार आहे, नकला छान करते. पण काहीही सांगितलं की ‘नाही’. मोजे घाल, नाही. जेवायला ये, नाही. पोहण्याच्या क्लाससाठी तिनेच महिनाभर धोशा लावला होता, आणि क्लासच्या पहिल्या दिवशी ती दारातच आडवी पडून रडली. स्टिकरचा तक्ता चार दिवस टिकला. शाळा म्हणते, इथे काहीच त्रास नाही. घरचे म्हणतात, लाडावून ठेवलंय. एका थेरपिस्टने सांगितलं की एकदा सांगितलं की करून घ्यायचंच, माघार घ्यायची नाही. तसं सुरू केल्यापासून ती स्वतःच्या मनगटाला चावायला लागली आहे. घरात तिचा लहान भाऊही आहे. तुम्ही विचारलंय की हे पीडीए (पॅथॉलॉजिकल डिमांड अव्हॉइडन्स, म्हणजे आपल्याकडे केलेली कुठलीही मागणी टोकाला जाऊन टाळणं) असेल का, असेल तर काय करायचं, आणि आत्ता माघार घेतली तर ती कायमची डोक्यावर बसेल का.

मी २२ वर्षं बालमानसतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि अशी बरीच मुलं जवळून पाहिली आहेत. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमचं सगळं तिथेच अडलंय. ती भीती मनात असेपर्यंत बाकीचं काही तुमच्या हातून नीट होणार नाही.

माघार तुम्ही आजही घेताच आहात. फक्त तिची वेळ चुकते आहे. सकाळी तुम्ही मोजे घाल म्हणता, ती नाही म्हणते. तुम्ही पुन्हा सांगता, मग आवाज चढतो, ती किंचाळते, चावते, आणि शेवटी तुम्ही थकून म्हणता, ‘नको घालूस, जा तशीच.’ यात तुम्हाला हरल्यासारखं वाटतं. तिला कळतं की जीव जाईस्तोवर ओरडलं तरच सुटका होते. आता तेच मोजे वेगळ्या तऱ्हेने सोडून बघा. आदल्या रात्री, शांतपणे, तुम्ही दोघा पालकांनी ठरवायचं की हा महिनाभर मोज्यांचा विषय काढायचा नाही. सकाळी ती मोज्यांशिवाय निघाली तर ती तुमच्या ठरवण्यानुसार निघाली. मोजे दोन्ही वेळा घातले गेले नाहीत. पण दुसऱ्या सकाळी भांडण झालं नाही, कुणी चावलं नाही, आणि मोठं माणूस कोण हेही स्पष्ट राहिलं. पीडीए असलेल्या मुलाच्या संगोपनात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच: स्फोट झाल्यावर सोडून देणं आणि स्फोटाच्या आधीच, विचार करून सोडून देणं, यातला फरक.

आता नावाबद्दल. पॅथॉलॉजिकल डिमांड अव्हॉइडन्स ही संज्ञा १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ न्यूसन यांनी वापरायला सुरुवात केली. त्यांच्याकडे येणारी काही मुलं ऑटिझमच्या त्या काळच्या ठरीव चित्रात बसत नव्हती. ती वरवर मिळून मिसळून वागत, कल्पनेच्या खेळात रमत, पण रोजच्या साध्यासाध्या अपेक्षाही कमालीच्या कौशल्याने टाळत. त्यांचा यावरचा मुख्य शोधनिबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. डीएसएम-५ किंवा आयसीडी-११ या निदानपुस्तिकांत मात्र पीडीए हे स्वतंत्र निदान नाही. त्यामुळे कुणी तसं लिहून दिलंच, तर ‘ऑटिझम, पीडीए प्रोफाइलसह’ अशा शब्दांत देतील. २०१४ साली पालकांसाठी २६ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली, ती इंटरनेटवर सहज सापडते. पण ती निदानासाठी बनवलेली नाही. तिच्यातले गुण मोजून घाबरूही नका आणि निश्चिंतही होऊ नका.

पीडीए हा ऑटिझमचा वेगळा प्रकार मानायचा की नाही, यावर तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक तर ‘पॅथॉलॉजिकल’ या शब्दालाच हरकत घेतात. सतत त्रास देणाऱ्या अपेक्षा टाळणं यात रोगट काय आहे, असा त्यांचा सवाल आहे. पीडीए असलेली अनेक मोठी माणसं त्याच आद्याक्षरांचा वेगळा अर्थ लावतात: ‘पर्व्हेसिव्ह ड्राइव्ह फॉर ऑटोनॉमी’, म्हणजे स्वायत्ततेची सर्वव्यापी ओढ. मला दोन्ही बाजूंमध्ये तथ्य वाटतं. दवाखान्यात मी नावावर फार वेळ घालवत नाही. शिस्त, बक्षीस, ठाम वेळापत्रक या नेहमीच्या उपायांनी मूल सुधारतंय की अधिक बिघडतंय, एवढं मी पाहते. तुमच्या पत्रात याचं उत्तर आहे.

मराठीत या विषयावर बोलताना आणखी एक घोटाळा होतो. ‘मागणी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मूल काहीतरी मागतंय असं चित्र येतं. इथे उलट आहे, मागणी मुलाकडे केली जाते. आणि तिची व्याप्ती आपल्याला वाटते त्याहून फार मोठी असते. ‘ऊठ’ ही मागणी आहेच. पण ‘कसा गेला दिवस?’ हीसुद्धा मागणीच, कारण उत्तर देणं भाग पडतं. ‘किती छान चित्र काढलंस!’ हीही, कारण पुढचं चित्र आता छानच यायला हवं. घड्याळ मागणी करतं. कुणी नुसतं अपेक्षेने बघितलं तरी ती मागणी. लघवीला लागलेली असणं, भूक लागणं या शरीराच्या मागण्या, म्हणून ही मुलं कधीकधी अगदी शेवटच्या क्षणापर्यंत अडवून बसतात. आणि सगळ्यात कोड्यात टाकणारी म्हणजे स्वतःची इच्छा. पोहण्याचा क्लास जोवर तिचं स्वप्न होता तोवर तिचा होता. वार ठरला, वेळ ठरली, पिशवी भरली गेली, आणि त्याचा हुकूम झाला. दारात आडवी पडलेली ती मुलगी तुम्हाला छळत नव्हती. तिला जायचं होतं आणि जाता येत नव्हतं, आणि त्याचं सगळ्यात जास्त दुःख तिलाच होतं.

याच्या मुळाशी चिंता आहे. पुढे काय होणार हे माहीत नसणं, आणि जे होईल ते आपल्या हातात नसणं, हे काही मेंदूंना अजिबात सहन होत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात मुलांमधल्या टोकाच्या टाळाटाळीचा संबंध चिंतेशी आणि अनिश्चितता सहन न होण्याशी जोडलेला दिसला होता. कुणी काही करायला सांगितलं की अशा मुलाच्या मज्जासंस्थेत जणू धोक्याची घंटा वाजते. मग सुटकेचे मार्ग शोधणं सुरू होतं. आधी विषय बदलणं, गोड बोलणं. मग ‘माझे पाय गेलेत’, ‘मी मांजर आहे, मांजर मोजे घालत नाही’. हे मार्ग चालेनासे झाले की आरडाओरडा, मारणं, चावणं, पळणं किंवा दगडासारखं गप्प होणं. मांजर होऊन दिलेलं उत्तर आपल्याला लबाडी वाटते. मला ते त्या मुलाचं अजून शाबूत असलेलं भान वाटतं. ते तोडू नका. मांजरीशी बोलता आलं तर बोला.

हट्टी मुलाहून हे वेगळं कसं ओळखायचं, असं पालक विचारतात. मी त्यांना स्फोटानंतरचा चेहरा बघायला सांगते. हट्ट पुरा झाला की मूल खुलतं, लगेच खेळायला पळतं. या मुलांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नसतो. ती गळून जातात, काहींना झोप लागते, काही जण तासाभराने येऊन कुशीत शिरतात.

तरीही पीडीए म्हणण्याआधी साध्या गोष्टी तपासून घ्या. बद्धकोष्ठ, दातदुखी, अपुरी झोप, कमी ऐकू येणं, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) यांनीही मूल असंच वागू शकतं. मोज्यांचंच घ्या. शिवण बोटांना टोचते म्हणूनही मूल मोजे नाकारतं, आणि तो स्पर्शसंवेदनेचा प्रश्न असतो. सुटीच्या दिवशी कुणी काही न म्हणता ती तेच मोजे आपणहून चढवून घरभर घसरगुंडी खेळते का बघा. खेळत असेल तर अडचण मोज्यात कमी आणि ‘घाल’ या शब्दात जास्त आहे. पुष्कळदा दोन्ही असतं. बिनशिवणीचे मोजे आणून ठेवायला काहीच हरकत नाही, फक्त आणल्याचा गाजावाजा करू नका.

तक्त्याबद्दल मला माझी एक चूक सांगायची आहे. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे सात वर्षांचा एक मुलगा यायचा. दहा तारे मिळाले की त्याला हवी असलेली खेळण्यातली क्रेन मिळणार, असा तक्ता मी केला. नऊ तारे त्याने मिळवले. दहाव्याच्या दिवशी तो आला, तक्त्यासमोर बराच वेळ उभा राहिला, मग त्याने तो भिंतीवरून ओढून बारीक तुकडे केले आणि ‘मला नकोच ती क्रेन’ म्हणत टेबलाखाली जाऊन बसला. मी तेव्हा त्याच्या फाइलमध्ये ‘विरोधी वर्तन’ असं लिहिलं. टेबलाखालून येणारा हुंदक्यांचा आवाज मी ऐकत होते आणि तरीही तेच लिहिलं. नऊ ताऱ्यांनी त्याच्यावर केवढं ओझं चढवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. बक्षीस जितकं मोठं आणि हवंहवंसं, तितकी ती मागणीही मोठी. तुमचा तक्ता चौथ्या दिवशी बंद पडला यात तुमचं काही चुकलं नाही. तो काढून टाका.

आणि त्या थेरपिस्टचा सल्ला आजच थांबवा. मी सहसा दुसऱ्या तज्ज्ञाच्या उपचारावर न बघता बोलत नाही. पण ‘करून घ्यायचंच’ सुरू केल्यावर मूल स्वतःला चावायला लागलं, ही फार स्पष्ट खूण आहे. त्यांना हे शांतपणे सांगा. ते पद्धत बदलायला तयार असतील तर उत्तम, नसतील तर ही सत्रं बंद करा. थेरपी बुडाल्याने तिचं जेवढं नुकसान होईल त्याहून घाबरत थेरपीला गेल्याने जास्त होईल.

आता रोजच्या कामाकडे येते. पहिलं काम मुलीसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत तुम्ही तिला जे जे म्हणता ते एका सकाळी फोनवर रेकॉर्ड करा आणि ती शाळेत गेल्यावर ऐका. एका वडिलांनी मला त्यांचं रेकॉर्डिंग ऐकवलं होतं. ते असं होतं: ‘ऊठ. उठलीस का? ऊठ ना गं. डोळे उघड आधी. चल, ब्रश. झाला ब्रश? खोटं बोलू नकोस. तोंड पूस. दूध संपव. पटपट. शर्ट उलटा आहे, नीट घाल. हे काय, अजून मोजे नाहीत? घड्याळ बघ. बघितलंस का घड्याळ?’ ते ऐकताना ते स्वतःच खाली बघत होते. म्हणाले, ‘मला वाटायचं मी सकाळी फारसा बोलतच नाही.’

हे सगळं कागदावर उतरवा आणि प्रत्येक वाक्यापुढे विचारा: हे आज झालं नाही तर कुणाला इजा होईल का? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असेल. उलटा शर्ट सोडून द्या. ब्रश सकाळी झाला नाही तर संध्याकाळी, आंघोळ करता करता, साध्या ओल्या फडक्याने, बिनचवीच्या पेस्टने, कसाही चालेल. बोटाने नुसती पेस्ट लावली तरी काहीच न करण्यापेक्षा बरं. फक्त दातांच्या डॉक्टरांना आधी सगळं सांगून ठेवा, कारण दात महिनोन्‌महिने सोडून देता येत नाहीत.

जे उरेल ते तीन-चार गोष्टींपलीकडे जाऊ नये. रस्ता, गाडीतला पट्टा, आवश्यक औषध, कुणाला इजा न करणं. या बाबतीत ठाम राहा, पण ठामपणा आवाजात आणू नका. शक्य तिथे नियम तुमच्याकडून नव्हे तर परिस्थितीकडून येऊ द्या: ‘पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही असा कायदाच आहे, मलाही तोच.’ मग गप्प बसून वाट बघा. दहा मिनिटं उशीर होईल हे गृहीत धरूनच निघा. आणि जिथे सांगणंच टाळता येईल तिथे घराची मांडणी बदला. औषधांच्या कपाटाला कुलूप असलं की ‘हात लावू नकोस’ म्हणायची वेळच येत नाही.

बोलण्याची ढब बदलायला सर्वात जास्त वेळ लागतो, म्हणून त्यावर जरा थांबते. आज्ञार्थी क्रियापद हा आपल्या घरातल्या बोलण्याचा कणाच असतो: कर, घे, ये, ठेव, चल. त्याला ‘ना’ जोडला की आपल्याला वाटतं आपण मऊ झालो. पण ‘घाल ना गं’ यात आर्जव आहे, आणि आर्जवाचं दडपण हुकमापेक्षा कमी नसतं. ‘घालशील का?’ हा प्रश्न दिसायला प्रश्न, पण ‘नाही’ हे उत्तर तुम्हाला चालणार नसेल तर तो हुकूमच. याऐवजी समोर जे आहे ते नुसतं बोलायचं. ‘मोजे खुर्चीवर आहेत.’ ‘बाहेर चांगलंच गार आहे.’ ‘बस आठला येते, मी दारापाशी असेन.’ ‘हे कोडं मला काही सुटेना.’ बोलून झालं की तिथून हला. नुसते पाय हलवून उपयोग नाही, नजरही हलवा. मोज्यांचं वाक्य टाकून तुम्ही खुर्चीकडे बघत उभ्या राहिलात तर वाक्य कितीही सौम्य असो, मागणी तशीच राहिली.

आपल्या भाषेत एक सोय आहे. ‘दात घासायचे राहिलेत वाटतं’, ‘दप्तर भरायचं आहे अजून’ अशा वाक्यांत करणारा कोण, हे सांगावं लागत नाही. त्या मोकळ्या जागेत मूल स्वतःहून शिरू शकतं. काही मुलांना ‘आपण’ आवडतं: ‘आपण दोघी एकेक मोजा घालायचा?’ काही मुलं दोन आठवड्यांत ‘आपण’चा डाव ओळखतात आणि ‘तू घाल तुझा’ म्हणून मोकळी होतात. तेव्हा चिडू नका, वेगळं काही करून बघा. पर्याय देण्याचंही तसंच. ‘लाल की निळे?’ हे एखाद्या मुलाला सोपं जातं, दुसऱ्याला निवड करणं हीच नवी मागणी वाटते. त्याच्यासाठी ‘लाल, निळे, किंवा आज नकोतच’ असा तिसरा दरवाजा खरोखर उघडा ठेवावा लागतो.

ही भाषा म्हणजे गोड बोलून काम साधण्याची युक्ती समजलात तर ती महिन्याभरात निकामी होईल. ही मुलं माणसाचे खांदे वाचतात, श्वास वाचतात. मोजे घातले गेले नाहीत तरी चालेल, हे तुम्ही मनातून मान्य केलेलं असेल तरच वाक्य हलकं होतं.

शाळेत त्रास नाही, हे खरं असू शकतं आणि तरीही त्यात चिंतेचं कारण असू शकतं. अनेक ऑटिस्टिक मुलं, मुली तर विशेषकरून, दिवसभर स्वतःला झाकून वावरतात. त्याला मास्किंग म्हणतात. इतरांसारखं बसायचं, हसायचं, ‘हो बाई’ म्हणायचं, आणि हे सगळं श्वास रोखून करायचं. तो श्वास घरच्या दारात सुटतो, कारण घरी सुटला तरी कुणी टाकून देणार नाही याची खात्री असते. शाळेतून आल्यावर निदान तासभर काही विचारू नका. खाणं तिच्या जवळ ठेवा, ‘खा’ म्हणू नका. शाळेशी बोलताना ‘तुमच्याकडे काय त्रास होतो’ असं विचारण्यापेक्षा ती डबा पूर्ण खाते का, स्वच्छतागृहात जाते का, मधल्या सुटीत कुणाबरोबर असते, हे विचारा. झाकलेला ताण तिथे दिसतो. गृहपाठ काही काळ बंद ठेवण्याची मागणी लेखी करा. ती मान्य करून घेणं हे तुमचं सध्याचं शाळेतलं सर्वात उपयोगी काम असेल.

स्क्रीनचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येईलच. अपेक्षा कमी केल्या की सुरुवातीला बरीच मुलं स्क्रीनला चिकटतात, कारण तिथे सगळं त्यांच्या हातात असतं. एकदम काढून घेतल्याने काही साधत नाही. झोपेची वेळ सांभाळा आणि स्क्रीन शिक्षा किंवा बक्षीस म्हणून वापरू नका. अधूनमधून शेजारी बसून ती काय बघते ते बघा, सूचना न करता.

इतकं करूनही स्फोट होतील. त्या वेळी समजावणं बंद. अँड्र्यू मॅकडॉनेल या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली लो अराउझल ही पद्धत मी वापरते. तिचं सार असं की पेटलेल्या माणसाभोवतीचा ताण कमी करायचा, आणि सुरुवात स्वतःपासून करायची. आवाज खाली, शब्द कमी. समोर उभं राहायचं नाही, जरा बाजूला, शक्य असेल तर जमिनीवर बसायचं. बघ्यांना, भावालाही, दुसऱ्या खोलीत पाठवायचं. जिवाला धोका नसेल तर धरून ठेवायचं नाही. चावण्यासाठी जाडसर कापड किंवा चावायची रबरी वस्तू हाताशी येईल अशी ठेवायची, हातात कोंबायची नाही. पाण्याचा पेला जवळ ठेवायचा, ‘पाणी पी’ म्हणायचं नाही. नंतर ‘सॉरी म्हण’ नको, झाल्या प्रकाराची उजळणीही नको. तिला सगळं आठवत असतं आणि लाजही वाटत असते. चावल्याने जखमा होत असतील, तिचं खाणं-झोपणं खूप घटलं असेल किंवा ती मरणाबद्दल बोलत असेल, तर बालमनोविकारतज्ज्ञांकडे लगेच जा. पीडीएवर औषध नाही. पण सोबतची तीव्र चिंता, निद्रानाश किंवा एडीएचडी यांवर उपचार असतात आणि काही मुलांना त्यांनी खूप आराम पडतो.

पहिले काही आठवडे कठीण जातील. मागण्या कमी केल्यावर पुष्कळ मुलं आधी काहीच करेनाशी होतात, कधी नकार वाढतातही. दीर्घकाळ ताणलेलं मूल सैल पडतं तेव्हा ते असंच दिसतं. त्या काळात कामं मोजू नका. स्फोट किती वेळ चालतो, रात्री झोप किती लवकर लागते, दिवसातून किती वेळा हसते, आपणहून तुमच्याजवळ येते का, ते वहीत टिपा. बदल आधी तिथे दिसतो. मग अपेक्षा हळूहळू परत आणता येतात, तिला बरोबर घेऊन. रॉस ग्रीन या अमेरिकन बालमानसतज्ज्ञांची पद्धत इथे कामाला येते: अडचण उद्भवलेली नसताना, निवांत वेळी, आधी मुलाचं म्हणणं पूर्ण ऐकायचं, मग आपली काळजी सांगायची आणि तोडगा दोघांनी शोधायचा. पीडीए असलेल्या मुलाशी हे समोरासमोर बसून होत नाही. गाडीत, चित्र काढता काढता, चिठ्ठीवर, किंवा त्या मांजरीमार्फत होतं. माझ्याकडच्या अनेक मुलांची कुवत अशीच वाढली आहे. वाट सरळ नव्हती आणि प्रत्येकाची सारख्या वेगाने झाली नाही. पण सुरक्षित वाटल्यामुळे कुणी डोक्यावर बसलेलं मी पाहिलेलं नाही.

भावाच्या वाट्याला यात अन्याय येतो, हे त्याच्याशी मान्य करा. ‘ताईला मोजे माफ आणि मला का नाही?’ हा रास्त प्रश्न आहे. त्याचेही दोन-चार नियम माफ करा. आठवड्यातून एक ठरलेला वेळ फक्त त्याचा ठेवा आणि तो मोडू देऊ नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना पीडीए समजावत बसू नका. ‘तिला करायचं असतं, पण तिच्याच्याने होत नाही,’ एवढं एकच वाक्य दरवेळी, न चिडता सांगा. आणि तुमच्या स्वतःच्या मागण्यांची यादीही करा. या वर्षी घर आवरलेलं नसलं, एखादं आमंत्रण मोडलं तर चालेल. पती-पत्नींमध्ये पद्धतीवरून मतभेद असतील तर ते तिच्यासमोर काढू नका. एकाने मऊ आणि दुसऱ्याने कडक राहायचं ठरवलं की मुलाला दिवसभर दोघांचाही अंदाज घेत राहावं लागतं.

तिला हे सांगावं का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी अर्धवट लिहून खोडलंय. सांगा. आठव्या वर्षी तिने स्वतःबद्दल ‘मी वाईट मुलगी आहे’ असं ठरवलेलं असण्याची शक्यता फार आहे, आणि त्याला उत्तर मिळायला हवं. समोर बसवून सांगू नका. रात्री दिवा मालवल्यावर, तिच्याशेजारी आडवं पडून, छताकडे बघत बोला: ‘काही जणांच्या मेंदूला कुणी काही सांगितलं की धोका आला असं वाटतं. साधं मोजे घाल म्हटलं तरी. मग करायचं असूनही करता येत नाही. तुझा मेंदू तसा असेल, असं मला वाटतं. मला हे आधी कळलं नव्हतं.’ तिने काही विचारलं तर उत्तर द्या. ती कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडली, तर तसंच पडू द्या.